फाटकाबाहेरच्या स्टुलावरून

वसईच्या कोर्टाजवळच्या माझ्या ऑफिसात श्री. मोरेश्वर चुरी सर पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. शाळेत पी.टी.चा तास संपवून ते तसेच आले होते. मी तेव्हा एका नवऱ्याची बाजू लढवत होते. बायकोपासून वेगळा झालेला हा गृहस्थ मुलीचा ताबा मागत होता आणि मुलगी सरांच्या शाळेतली. खुर्चीवर टेकायच्या आधीच सरांनी विचारलं, "तुमचा अशील जिंकला, तर मुलगी कोणाकडे राहील?"

"वडिलांकडे. दुसरं कोणाकडे?"

"छे! वडिलांच्या आईकडे. वडील कामावरून येणार, मोबाईल घेऊन आडवे होणार, आणि आजी वेण्या घालणार. मग ताबा आजीच्याच नावाने मागा की!"

मला असा संताप आला म्हणून सांगू! कायदा शिकले मी, आणि मला शिकवणार हे शिट्टीवाले? पण थोड्याच दिवसांत ते नवराबायको जोडीने माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, आमचं सरांच्या वाडीत ठरलं. वेगळेच राहू, पण पोरीवरून भांडायचं नाही." सरांशी माझा परिचय झाला तो असा. त्या दिवसापासून मी त्यांचा हेवा करत आले आहे, आणि त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात तो लपवणार नाही, असं मी संपादकांना आधीच बजावलं आहे.

सरांची वाडी होळी गावात. केळी, मोगरा, थोडी पानवेल, आणि मधल्या मोकळ्या जागेत भाजीचे वाफे. ज्यांचे आईबाप वेगळे राहतात अशी मुलं रविवारी सकाळी आपापल्या वडिलांबरोबर तिथे येतात. प्रत्येक जोडीचा एक वाफा. बापलेकांनी मिळून तो खणायचा, पेरायचा, शिंपायचा. बापाने मोबाईल फाटकाशी टांगलेल्या टोपलीत ठेवायचा. खेळणी आणि वेफर्सची पाकिटं आणायची नाहीत, खाऊचा डबा आणायचा आणि तोही स्वतःच्या हाताने केलेला. बाप आला नाही तर त्याच्या वाफ्याला दुसरं कोणीही पाणी घालत नाही. एकदा मी म्हटलं, "सर, पोराला वाईट वाटतं हो." सर म्हणाले, "वाटणारच. बाप आला नाही हे त्याला आधीच माहीत आहे, वाफा फक्त बापाला सांगतो."

नवराबायकोत चूक कोणाची, हे सरांनी कधीही विचारलं नाही. मला तर ते विचारल्याशिवाय राहवतच नाही, व्यवसायच तसा. सरांचं म्हणणं एकच, "त्या दोघांचं नाही जमलं, तर नाही जमलं. पण बापाचं आणि पोराचं का मोडायचं?" नायगावच्या खाडीकाठचा एक उंचापुरा गडी एकदा पोरीचे मोकळे केस हातात धरून रडकुंडीला आला होता. "सर, येनी कशी घालतान, मना नाय येत." सरांनी केळीच्या सोपटाचे तीन पदर काढून झाडाला बांधून दिले आणि म्हणाले, "आधी यावर हात बसवा. सोपट ओरडत नाही." तीच मुलगी पुढे नोकरीला लागली आणि पेढे घेऊन सरांकडे गेली. माझ्या ऑफिसच्या दारावरून गेली हो! तिच्या आईची पोटगी मिळवून दिली होती मी, पण पोटगीचे पेढे कोण वाटतं?

त्यांच्या संसाराचाही हेवा वाटतो, आता लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते. रविवारी सगळ्यांसाठी चहा सर टाकतात आणि त्यांच्या पत्नी सुमनताई ओटीवर पेपर वाचत बसतात. एक घोट घेऊन म्हणतात, "सर, आज साखर विसरलात," आणि सर डबा घेऊन धावतात. आमच्या घरी पाण्याचा पेलासुद्धा यजमानांच्या हातात नेऊन द्यावा लागे.

या कामात कायद्याची बाजू मी सांभाळायला लागले आणि हळूहळू वाडीवर माझाही शब्द चालू लागला. तिथला सगळ्यात कडक नियम सरांचा नाही, माझा आहे. सुरुवातीला बापांबरोबर त्यांच्या आयाही यायच्या. आल्या की पोराला मांडीवर घ्यायच्या, डबा भरवायच्या, नाक पुसायच्या, आणि बाप मोकळा. मीच सरांना म्हटलं, "या आज्यांना फाटकाच्या आत घेऊ नका. वाफ्यातली पहिली भाजी निघेल त्या दिवशी पोराने स्वतः येऊन बोलवायचं, तेव्हाच आत." सरांना ते इतकं पटलं की त्यांनी फाटकाबाहेर आज्यांसाठी एक लाकडी स्टूल ठेवलं. किती आज्यांनी त्या स्टुलावर बसून मला शिव्याशाप दिले असतील, देव जाणे.

मग माझा मुलगा परेश आणि सूनबाई केतकी वेगळे झाले. केतकी छोट्या मिहीरला घेऊन नायगावच्या फ्लॅटमध्ये राहिली, परेश माझ्याकडे परत आला. मी म्हटलं, मी आहे ना, बघते काय करायचं ते! एका रविवारी कसल्याशा कामासाठी मी वाडीवर गेले, तर फाटकाशी परेश उभा, मोबाईल टोपलीत टाकत होता आणि त्याच्या पायाशी मिहीर. पोटचा पोरगा, आई वकील, आणि गेला कुठे? चुरी सरांकडे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा फाटकाकडे निघाले, तर शिट्टी वाजली.

"वकीलबाई, तुम्ही आज बाहेर."

"सर, माझा नातू आहे तो!"

"म्हणूनच," सर म्हणाले आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

बसले. करते काय? नियम माझाच. जास्वंदीच्या कुंपणातून बघत राहिले. परेशच्या उपम्यात गुठळ्या होत्या आणि मिहीर तोंड फिरवत होता. परेशने केविलवाणं होऊन कुंपणाकडे पाहिलं. मी अर्धी उठलेसुद्धा. पुन्हा शिट्टी. "परेश, लक्ष डब्यात!" मला वाटलं, ती शिट्टी घेऊन खाडीत भिरकावून द्यावी.

असे कितीतरी रविवार मी त्या स्टुलावर काढले. रोज घरी परेशला विचारायचे आणि तो "बरं चाललंय" एवढंच सांगायचा. माझं पोर बाप म्हणून उभं राहणार की केतकी मिहीरला घेऊन कायमची लांब जाणार, हीच धास्ती. कोर्टात मी काय वाटेल ते मागू शकले असते, पण त्या पोराने परेशकडे आपणहून जावं, हे कोणत्या अर्जात मागणार?

एकदा नायगावला खेळताना मिहीर पडला आणि हनुवटीला टाके पडले. परेशने घरी सांगितलंच नाही, आणि त्या रविवारी मी स्टुलावर नव्हते, म्हणून मला ते सरांच्या फोनवरून कळलं. सरांकडून! मी रिक्षा करून थेट होळीच्या वाडीवर गेले. "आजी म्हणजे मी कोणीच नाही का? परेशचा आधी तुम्हाला फोन, मग स्वतःच्या आईला?" सर शांतपणे मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते. म्हणाले, "परेशने मलाही फोन केला नाही. आज मिहीरने सांगितलं. आईने मांडीवर घेतलं होतं, बाबाने दोन्ही हात धरले होते, म्हणाला. त्या दोघांना त्या वेळी आपली आठवणच झाली नाही, वकीलबाई. आपण दोघंही बाहेर." मला रडू आलं, रागाचं की कशाचं ते माहीत नाही. सुमनताईंनी चहा दिला. साखर होती.

परेश आणि केतकी एकत्र आले नाहीत, येतील असंही वाटत नाही. पण मिहीरच्या शाळेत दोघं जोडीने जातात, आणि परेशचा उपमा आता बरा होतो.

गेल्या रविवारी त्यांच्या वाफ्यातला लाल माठ निघाला. मिहीर मातीच्या हातांनी एक जुडी घेऊन फाटकाशी आला आणि म्हणाला, "आजी, आता तू आत यायचं." त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. सवयीने मी वाकले, तर त्याने पाय मागे घेतला. "तू नको. बाबा बांधतो."

परेश आला, खाली बसला आणि त्याने नाडी बांधली. इतकी वर्षं मी सरांवर जळले. त्या क्षणी पहिल्यांदाच माझ्या मुलावर जळले, आणि माठाची जुडी छातीशी धरून पदर मातीने भरेपर्यंत तशीच उभी राहिले.

सर, पंचाहत्तरी झाली, शंभरीही व्हावी. गुडघे असेच धड राहोत आणि शिट्टीत असाच दम राहो. वसई-विरारमधल्या आणखी कितीतरी आज्यांना तुम्हाला बाहेर बसवायचं आहे. स्टूल तेवढं नवं घ्या. त्याचा एक पाय डुगडुगतो, आणि हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?