मोठ्या मायची शेवटची हाक

आमच्या घराला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. आई-बाबा उजाडायच्या आत दुसऱ्यांच्या केळीत कामाला जायचे आणि मी दिवसभर गल्लीत. गल्लीमागे पाट, तापीच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. गेल्या महिन्यात तळोद्याच्या ऑफिसात असताना आईचा फोन आला, "मोठी माय गई व बाई," आणि मला आधी आठवला तो पाटच...

मोठी माय आमची शेजारीण. तिचा गुलाब शाळेत घालायच्या वयाचा असताना त्या पाटात बुडाला. तेव्हापासून दिवेलागणीला ती ओट्यावर उभी राहून गल्लीतल्या एकेका मुलाचं नाव पुकारायची. घराघरातून उत्तर यायचं, "शे." म्हणजे, आहे. बाया हसायच्या, "मास्तरीणबाई, आज कोन गैरहजर शे?" ती हसायची नाही. सगळ्यात शेवटी गुलाबचं नाव घ्यायची, थोडं थांबायची, मग आत जायची.

एका संध्याकाळी माझं नाव आलं. दमून आलेल्या आईने गोधडीच्या गुंडाळीकडे बघितलं आणि मी त्यात झोपले आहे असं समजून ती म्हणाली, "शे." मोठ्या मायने शेवटची हाक दिली, "गुलाब..." आणि पाटाकडून बारीक आवाजात उत्तर आलं, "शे."

सगळ्या गल्लीने ऐकलं. सगळे धावले. मी काठावर, पाय पाण्यात सोडून, गाढ झोपले होते. मी बी.ए. झालेली आहे, आमच्या घरातली पहिली. भुताखेतांचं लिहायला बसलेले नाही. मी तोंड उघडलं नव्हतं, एवढंच सांगते.

मोठी माय आईला रागावली नाही. "डोकावर हात ठेव, मंग बोल," म्हणाली. तो गल्लीचा नियमच झाला. हात ठेवल्याशिवाय उत्तर नाही. पुढे मजुरीला जाताना पाळीपाळीने एक बाई मुलांपाशी मागे राहू लागली. तिचा खाडा पडायचा, त्या दिवसाची मजुरी बाकीच्या भरून काढायच्या. मास्तरीणबाई म्हणून चिडवणाऱ्याच त्यात पुढे होत्या.

आता त्या ओट्यावर आई उभी राहते. परवा मी माहेरी गेले, तेव्हा माझ्या मुलीचंही नाव आलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी "शे" म्हटलं. शेवटी आईने गुलाबला हाक मारली. गल्लीतली भांडी वाजायची थांबली. पाटाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आम्ही थांबलो...

उत्तर आलं नाही. सगळी मुलं घरी होती. गुलाबनंतर आमच्या गल्लीतलं एकही मूल पाटात बुडालेलं नाही.