उलटा हात

चटणी वाटताना मिक्सरमधून जळका वास आला आणि कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगची गच्ची आठवली. कॉलेजात असताना मी रिमोटवर चालणारी गाडी बनवत होते. दुकानातली सगळ्यात वेगवान मोटर आणि तिच्या जोडीला तीन सेलची बॅटरी घेऊन आले. वडील पूर्वी गिरणीत मोटरींचं वाइंडिंग करायचे. त्यांनी गाडी तळहातावर तोलली. "जड आहे गं. कमी फिरणारी मोटर घे, दोन सेल पुरेत." मी म्हटलं, "बाबा, हा पंखा नाहीये ना!" त्यांनी गाडी माझ्या हातात परत दिली. संध्याकाळी वाळत घातलेल्या कोकमांना वळसे घालत गाडीने दोन फेऱ्या झकास मारल्या आणि तिसरीत धूर सोडला. वडील उकिडवे बसले आणि बोटांची मागची बाजू मोटरीला टेकवली. "तारेवरचं वार्निश जळलं," एवढंच म्हणाले. हात उलटा का, असं मी विचारलं. "शॉक बसला की मूठ आपोआप वळते. हात उलटा असला तर सुटतो." आज मी मिक्सरचा प्लग काढून बाजूला ठेवला आणि मग हात उलटा करून लावला. प्लग काढल्यावर त्याची काही गरज नव्हती.