लाकरू

मी माझ्या सासऱ्यांची भाषा एका मिनिटात सुधारली, तीही त्यांना न विचारता. मराठीचा मास्तर आहे मी; सवय वाईट.

दर्यापूरकडं सोयाबीन लागोपाठ दुसऱ्यांदा हातचं गेलं आणि सासऱ्यांनी, आमच्या आबांनी, बोलणं टाकलं. त्या वर्षांत वऱ्हाडात कोणी गप्प झालं की घरचे घाबरत. आम्ही त्यांना अमरावतीला आणलं. महिना झाला, तोंडातून शब्द नाही.

मग आमच्या मुक्तानं एक खटाटोप मांडला. तिच्या लहानपणी आबा सुट्टीत तिच्याबरोबर कॉम्प्युटरवर एक जुना खेळ खेळायचे. बेट, बंद दारं, किल्ली शोधा, कोडं सोडवा. अशा खेळांचे वेडे लोक त्यात आपली कोडी घालून नवा खेळ करतात म्हणे. मुक्तानं बेटाच्या जागी आबांचं वावर केलं, विहिरीवर राखणदार बसवला. तो आबांच्याच बोलीत विचारणार, बरोबर उत्तर लिहिलं की दार उघडणार.

"बाबा, फक्त काना-मात्रा पाहा हं."

शनिवारी रात्री फाईल उघडली. जिकडं तिकडं मले, तुले, त्याले! (माझ्यातला मास्तर जागा झाला.) एकेक कोण दुरुस्त करतो? कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं 'ले' दिसेल तिथं 'ला' कर. केलं त्यानं. गुणी यंत्र!

रविवारी आबांना खुर्चीत बसवलं. राखणदार पडद्यावर आला. त्याचे शब्द मुक्तानं मोठ्यानं वाचले, "ये लाकरा, बस. कोनाला भेटाला आला?"

ती थबकली. तरी उत्तर लिहिलं, 'आबाले'. दार बंद. पुन्हा लिहिलं. बंद! (उत्तराचंही मी 'आबाला' करून ठेवलं होतं.)

"काल तं उघडत होतं!" तिचा आवाज रडवेला झाला. "आई, एवढ्यासाठीच तर केलं होतं गं..."

मी पंख्याकडं बघत होतो. पंखा बंद होता.

"लाकरू म्हंजे काय वं?"

आवाज घोगरा, गंजल्यासारखा. आबांचा!

"लेकरू म्हन ना, मुक्ते. अन् 'भेटाला' काय? भेटाले! हे कोनं लिवलं? वावरातला मानूस असा बोलते काय?"

मायलेकींनी एकदम माझ्याकडं पाहिलं. आबांनीही पाहिलं.

"जवाईबापू, तुमी पोरायले हेच शिकवता?"

"चुकलं, आबा. आत्ता नीट करतो," म्हणत मी कीबोर्ड ओढला.

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"राहू द्या ते लाकरू तसंच. आबायले रोज भांडाले कोनीतरी पायजे, अन् तुमी तं घरातच सापडले."