जिन्यावरचा नंबर

सरकारी आणि पालिकेच्या इस्पितळांत टेलिफोन आणि नेटवर्क कसं असावं, याचे आराखडे मी करते. केबल कुठल्या भिंतीवरून न्यायची, वायफायचे डबे कुठे लावायचे, वीज गेली तर काय चालू राहील, हे ठरवायचं. लोकांना वाटतं, हे थंड डोक्याचं काम आहे. माझं डोकं मुळातच तापट, आणि दादा डायलिसिसवर गेल्यापासून तर ते जागेवरच नसतं.

आम्ही राहतो लालबागला, चाळीतल्या मागच्या बाजूच्या खोलीत. आईला साखर आहे आणि माझी किडनी डॉक्टरांनी तपासून नाकारली, म्हणून परळच्या एका इस्पितळात दादाचं नाव नोंदवलं. कोणा मेंदूमृत माणसाच्या घरच्यांनी दान दिलं, ते जुळलं, तर तिथून फोन येणार. कधीही. आणि आमच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही. अख्ख्या शहराच्या इस्पितळांना जोडत फिरणाऱ्या बाईच्या घरी ही अवस्था! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यामुळे दादाचा फोन गॅलरीच्या कठड्याला टांगलेल्या कापडी पिशवीत असतो. आई दिवसभर कामं करता करता कान त्या पिशवीकडे ठेवते.

नेमकं त्याच इस्पितळाचं टेलिफोन एक्स्चेंज बदलायचं काम आमच्याकडे आलं. जुन्या तांब्याच्या तारा कुजलेल्या होत्या. हिंदमाताला पाणी तुंबलं की फोन उचलल्यावर माणसाऐवजी नुसती खरखर ऐकू यायची. नव्या आराखड्यात त्या सगळ्या काढून इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचे होते. बाहेर जाणारा प्रत्येक फोन, मग तो ओपीडीची तारीख सांगणारा असो की रक्तपेढीचा, एकाच नव्या नंबरावरून जाणार होता. आराखडा माझाच आणि मला तो आवडला होता.

चाचणीचे पहिले काही दिवस ओपीडीचे फोन सुरळीत गेले. मग एके दुपारी मी प्रत्यारोपण विभागाच्या समन्वयक बाईंच्या टेबलाशी बसले आणि तिथल्या नव्या फोनवरून सहज म्हणून दादाचा नंबर फिरवला. दोनदा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. स्वतःच्या मोबाइलवरून लावला, तर आईने लगेच उचलला.

"बोल गो."

"आत्ता फोन कोणी कापला?"

"मीच कापलंय. लाल दिसलो. लाल इलो काय कापूचो, तूच सांगलंस मगे."

खरंच मीच सांगितलं होतं. कर्ज देणारे आणि बँकेतून बोलतोय म्हणून फसवणारे दिवसभर छळतात. त्यांचा फोन आला की पडदा लाल होतो, म्हणून लाल दिसला की कापायचा. आता इस्पितळाचा नवा नंबरही लाल झाला होता. एकाच नंबरावरून रोज शेकडो फोन जातात आणि अनोळखी म्हणून लोक ते कापतात. मग मोबाइलचं यंत्र ठरवून टाकतं की हा कोणीतरी त्रास देणारा असणार.

मी समन्वयक बाईंना विचारलं, "पेशंटने उचलला नाही, तर तुम्ही काय करता?"

"तीनदा लावते. घरच्यांचा नंबर असला तर तोही. मग पुढच्या पेशंटला. किडनी थांबत नाही ना हो."

त्या हे इतक्या साधेपणाने बोलल्या की मला त्यांचा रागच आला. राग त्यांच्यावर काढण्यासारखा नव्हता, म्हणून तो दादरच्या आमच्या ऑफिसात, प्रकल्पप्रमुखांसमोर निघाला. ते वाईट गृहस्थ नव्हेत. शिवाजी पार्कला रोज चालतात, हळू बोलतात, आणि हळू बोलूनच समोरच्याला गप्प करतात.

"कॉल जातोय ना? टेक्निकली सिस्टिम ओके आहे. लोक उचलत नाहीत, तो आपला स्कोप नाही."

"मग कोणाचा आहे?"

"हे बघा, घरचा पेशंट आहे म्हणून तुम्ही पर्सनली घेताय."

"हो, घेतेय," मी म्हटलं. "माझ्या घरी फोन कापला गेला म्हणून निदान कळलं तरी. बाकीच्यांच्या घरी कापला गेला असता, तर कोणाला कळणार होतं?"

मी मागत होते ते एवढंच की अपघात विभाग, रक्तपेढी आणि प्रत्यारोपण या तीन टेबलांसाठी जुन्या लाइनी आणि जुना नंबर राहू द्या. इस्पितळाचा तो नंबर गिरणगावात सगळ्यांना पाठ आहे. आमच्या चाळीत तर पूर्वी सगळ्यांचा मिळून एकच फोन होता, त्याच्या वर जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने इस्पितळाचा हा नंबर लिहिला होता. भिंतीला कितीदा रंग लागला, पण रंगारी तेवढा चौकोन सोडून रंगवतात. प्रमुख म्हणाले, "ती लाइन पावसात मरते. तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे." होतं. मीच लिहिलं होतं. एक फोन लागतो पण कोणी उचलत नाही, दुसरा लोक उचलतील पण तो लागेलच असं नाही. यातलं आपल्या भावासाठी काय निवडायचं, हे मला कोणत्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

शेवटी त्या तीन टेबलांसाठी आधी जुनी लाइन आणि ती मेली असेल तरच नवा नंबर, असं ठरलं. पण मला चैन नव्हतं. पाणी तुंबल्याची बातमी आली की मी प्रत्यारोपणाच्या टेबलावर जुन्या नंबराने फोन करून नुसतं "ऐकू येतंय?" विचारायची. समन्वयक बाई आता माझा आवाज ऐकल्याबरोबर "येतंय, येतंय" म्हणतात.

मग एका रविवारी मी माटुंग्याच्या बाजारात भाजी घेत असताना आईचा फोन आला. तिला धाप लागली होती.

"हॉस्पिटलातून फोन इलो. जिन्यावरचो नंबर! दादाक बोलवल्यानी."

मी भाजी तिथेच टाकली. इस्पितळात पोहोचले तेव्हा दादाचं रक्त घेऊन झालं होतं. एका किडनीसाठी दोघांना बोलावलं होतं आणि दादा दुसरा होता. समोरच्या बाकावर पहिली, एक कॉलेजातली मुलगी, तिच्या वडिलांच्या खांद्याला टेकून बसली होती. तिचं काही जुळलं नाही तरच आमचा नंबर. मी मनातल्या मनात काय मागत होते ते लपवण्यात अर्थ नाही. त्या मुलीला ताप निघावा, सर्दी निघावी, काहीही निघावं, असं मी मागत होते. तिच्या वडिलांनी मला बिस्किटाचा पुडा पुढे केला. मी एक घेतलं आणि मुठीत धरून बसले.

तिचं सगळं जुळलं. तिला आत नेलं. वडील जाता जाता आमच्यापाशी थांबले, तर दादाच त्यांना "जा, जा, काळजी नका करू" म्हणाला.

परतताना टॅक्सीत मी रडत होते. दादा म्हणाला, "तुझी ट्रायल पास झाली की गं. फोन लागला, आईने उचलला. आता रड कशाला?"

"गप बस रे," मी म्हटलं आणि आणखीच रडले.

आई मात्र त्या दिवसापासून बदलली. माझ्या जुन्या लाइनीवर तिचा काडीचा भरवसा नाही. "तुजो तो फोन पाण्यात गेलो तर?" असं तिने मला एकदाच विचारलं. आणि ती गॅलरीत गेलीसुद्धा. आता ती कुठलाच फोन कापत नाही. लालही नाही. हातातलं पीठ पदराला पुसते, पिशवीतून फोन काढते आणि पलीकडच्या माणसाचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेते. मग म्हणते, "कर्ज नको रे झिला. किडनीचा काय असात तर सांग."