पाठ दाखवायची राहिली

शिलंगणाच्या शर्यतीचा शेवटचा विजेता मी आहे. पोटाकडे बघून हसू नका, पोट मागाहून आलं. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हमखास म्हणतं, "काका, ते शर्यतीचं सांगा ना," आणि मी धोतराचा काष्टा आवळून पत्रावळींच्या मधल्या वाटेने धावून दाखवतो. वाढपी ओरडतात, पोरं किंचाळतात, एकदा मी कढीच्या बादलीत पाय घातला होता. पण पंगतीत मी ती गोष्ट निम्मीच सांगतो. लोकांनी जेवायचं असतं.

दर दसऱ्याला अकोल्याच्या आखाड्याचे गडी आगगाडीने अमरावतीला यायचे. तिसऱ्या प्रहरी देवळासमोरून आम्ही सुटायचो. गावाबाहेर, शिवेच्या पलीकडे, एक आपट्याचं झाड होतं. त्याची डहाळी तोडायची आणि उलट धावत येऊन देवीपुढे ठेवायची. ज्याचं सोनं पहिलं पोचेल तो जिंकला. हरलेल्या गावच्या वस्तादाने जिंकलेल्याच्या डोक्याला स्वतःच्या हाताने फेटा बांधायचा, हा रिवाज. आमचे वस्ताद फार सुंदर फेटा बांधत. त्यांना सवय झाली होती.

कारण दरवर्षी अकोल्याचा एकच गडी जिंकायचा. जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलणारा, बांबूसारखा उंच, डावा खांदा जरा पडलेला. त्याच्या पाठीवर काळ्या दोऱ्यातला ताईत उड्या मारायचा. त्याचं तोंड आज मला नीट आठवत नाही, पाठ मात्र अजून डोळ्यांसमोर आहे, कारण दरवर्षी दुसरा यायचो मी. तो मला शेपूट म्हणायचा.

"काबे शेपटा, औंदाही माह्या मांगंच का?"

"औंदा तुले पाठ दाखवतो," मी म्हणायचो.

"अरे, पाठ तं पळपुटे दाखवतात!"

खरंच की! लढाईत पाठ दाखवली तर अब्रू जाते, आणि शर्यतीत पाठ दाखवली तरच अब्रू राहते. हे मला त्याच्याकडून कळलं. त्या एका वाक्यावर मी वर्षभर जळलो. मला फेटा नको होता, देवीची कृपाही फारशी नको होती. त्याने एकदा, फक्त एकदा, माझी पाठ बघावी एवढंच हवं होतं.

त्याच्या शेवटच्या खेपेला, शर्यत संपल्यावर, परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही कडुनिंबाखाली बसलो होतो. भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, "एक सांगू का? तू हरतं कावून? माही पाठ पाहून धावतं म्हणून. बाजूनं धाव. तुह्या पायात माह्यापेक्षा जास्त दम हाय."

आता सांगा, असा शत्रू कुठे मिळतो?

मी ते मनावर घेतलं. आमचा झेंडूचा मळा गावाबाहेर होता. पुढचा पावसाळाभर मी मळ्याच्या बांधावरून धावलो, चिखलात धावलो. आई म्हणायची, "फुलं तोडाले हात नाही लावत, नुसता लांडग्यावानी पळून राह्यला." श्रावणात माझी मलाच खात्री पटली, की या दसऱ्याला मी जिंकणार. ती खात्री खोटी नव्हती असं मी आजही म्हणतो. तिचा पुरावा मात्र माझ्यापाशी नाही.

त्या वर्षी मानमोडी आली. सरकारी डॉक्टर तिला इन्फ्लुएन्झा म्हणत, आम्ही मानमोडी म्हणत होतो, कारण माणूस सकाळी मान धरून बसायचा आणि तिसऱ्या दिवशी मान टाकायचा. दवंडी पिटली: शाळेतले खेळ बंद, कुस्त्यांची दंगल बंद, थंडीतला बैलांच्या शर्यतीचा शंकरपटही होणार नाही. मग दवंडी पिटणारा गेला, आणि काय बंद झालं ते सांगणारंही कोणी उरलं नाही. दसऱ्याला बाजारात आमच्या झेंडूचे ढीग तसेच पडून राहिले. तोरणं कोणी घेईना. तिरडीला हार घालण्याची रीतही त्या आठवड्यात मोडली.

शर्यत पुढे ढकलली. दसऱ्याची कोजागिरीवर, कोजागिरीची दिवाळीवर, दिवाळीची कार्तिकी पुनवेवर. मी म्हटलं, "वस्ताद, दसऱ्याला ते सोनं, दुसऱ्या दिवशी नुसता पाला. आता धावून काय आणायचं?"

वस्तादांचा थोरला मुलगा गेला होता. ते म्हणाले, "पाला तं पाला. काहीतरी आणू."

पुनवेला देवळासमोर आमच्या आखाड्याचे गडी जमले, पण धावायला नव्हे. ज्याला ताप नव्हता त्याला सुतक होतं. कोणाचे केस गळाले होते, कोणी काठी टेकत आला होता. सुतक नसलेलं घर आमचं एकच, आणि ते सांगताना मला चोरट्यासारखं वाटायचं. बोडक्या डोक्यांच्या त्या रांगेत मी काष्टा मारून उभा होतो, मांड्या तेलाने चकाकत होत्या.

अकोल्याची गाडी आली. त्यांचे वस्ताद एकटेच पायी येताना दिसले.

"बाकीचे?" आमच्या वस्तादांनी विचारलं.

"मीच हावो बाकीचा."

मी पुढे झालो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू तो शेपूट न? तुहीच गोष्ट काढे तो. अंगात ताप भरला तरी ऐके ना. म्हणे, घामानं ताप पळते, दसऱ्याच्या आत पळवतो. जिनाच्या आवारात चकरा मारून राह्यला होता. म्हणे, औंदा शेपूट बाजूनं येणार हाय."

"मग ताप पळाला?" हे मी विचारलं. असा मूर्ख प्रश्न जगात कोणी विचारला नसेल.

"ताप कायचा पळते बाप्पा," ते म्हणाले. "तोच पळाला."

तरी शर्यत झाली. आमच्या वस्तादांनी शिट्टी फुंकली आणि मी एकटा सुटलो. पंगतीत मी इथे खूप वेळ घेतो. एकटा माणूस जीव तोडून धावतोय, कुत्री मागे लागलीत, म्हातारी विचारते, "काय चोरलं रे?" लोक लोळतात. मग आमच्या गावच्या जिनाच्या पुढे रस्त्याला फाटा फुटला, आणि माझे पाय थांबले.

मला रस्ताच माहीत नव्हता! इतकी वर्षं मी रस्ता बघितलाच नव्हता, तो ताईत बघत होतो. तो वळला की मी वळायचो. आता डावीकडे की उजवीकडे? मी खाली बघितलं. एक वाट गवताने भरलेली, दुसरी ताज्या पावलांनी गुळगुळीत झालेली. जास्त तुडवलेली वाट ती आपली, असा शहाणा विचार करून मी निघालो.

पंगतीत मी इथपर्यंतच सांगतो. "आणि काका चुकले!" असं म्हणून सगळे टाळ्या पिटतात. वाट कुठे गेली ते कोणी विचारत नाही.

त्या वर्षी वऱ्हाडात जास्त तुडवलेली वाट एकच होती. मी धापा टाकत मसणवटीत जाऊन उभा राहिलो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशी बसलेल्या माणसाने मान वर न करता म्हटलं, "लाकडं सरले. पळून काई फायदा नाई. उद्या ये."

"मी लाकडांसाठी नाही आलो. आपट्याचं झाड कुठं आहे?"

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या चकाकत्या मांड्यांकडेही बघितलं. "तो शिवेवरचा? तो तं दिवाळीच्या आधीच तोडून आणला. जळला."

परत येताना मी एकदा मागे वळून बघितलं. वाट रिकामी होती. माझी पाठ कोणाला दिसत नव्हती.

मी रिकाम्या हाताने देवळासमोर आलो. डहाळी कोणी मागितली नाही. अकोल्याचे वस्ताद फेटा घेऊन उभे राहिले. जिंकलेल्याला फेटा बांधायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, शिवाय ताप अजून अंगातून पुरता गेला नव्हता. दोनदा बांधला, दोनदा माझ्या नाकावर आला. रांगेतलं कोणीतरी हसलं आणि हसताहसताच खोकायला लागलं.

"हातानं धरून ठेव," ते म्हणाले. "मले नाई जमत."

मी त्यांना स्टेशनावर पोचवायला गेलो. सगळ्या रस्त्याने मी एका हाताने फेटा धरला होता, आणि ते माझ्या मागून चालत होते. मी दोनदा थांबलो, म्हटलं, बाजूनं चाला. त्यांच्यात तेवढा दम नव्हता.