जोड चुकला

माझ्या मुलाच्या ज्या गोष्टीचं सगळ्यात जास्त कौतुक झालं, तो त्याचा आजार होता. तो फारसा रडायचा नाही, पाय झाडायचा नाही, ठेवलं तिथं पडून राहायचा. नांदूरघाटच्या बायका पाळण्यावर वाकून म्हणायच्या, "लई गरीब लेकरू हाय गं." माझी सासू तर गल्लीभर सांगत सुटली. ही सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क; त्या हक्कानं मी त्या घरात गेले होते.

मी केजच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शरीरातल्या प्रत्येक पेशीत मूळ मजकूर तोच असतो, त्याची नक्कल निघते, नकलेतले नको ते तुकडे कापले जातात आणि उरलेले जोडले जातात, हे मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूनं काढते. मेंदू वेगळे तुकडे ठेवतो, काळीज वेगळे. एकाच ताग्यातून शिंपी सदरा बेततो आणि परकरही, असं म्हटलं की पोरांना तेवढ्यापुरतं कळतं. घरात मात्र माझं शिक्षण झोपलं होतं. गरीब पोर मिळालं म्हणून मीही खूश होते.

मान धरेना तेव्हा पुण्याला नेलं. डॉक्टरांनी आधी त्याची जीभ बघितली. ती बारीक थरथरत होती. मला वाटायचं भूक लागलीय. तपासणीत निघालं ते असं: एक जनुक त्याला आम्हा दोघांकडूनही खराब मिळालं होतं. त्याच्या जागी काम करणारं राखीव जनुक माणसात असतं, पण त्याची नक्कल जोडताना बहुतेक वेळा एक तुकडा गळतो. बाकीचं शरीर त्या तुटपुंज्या मालावर कसंबसं भागवतं. कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींचं भागत नाही, त्या मरतात. म्हणून त्याचे डोळे खळखळून हसायचे आणि मान लुळी पडायची. तो जोड सुधारणारं औषध निघालंय, पण पेशी शाबूत असताना द्यावं लागतं. आम्ही गरीब, गरीब करत महिने घालवले होते.

आत्याला समजावं म्हणून डॉक्टर सोप्या भाषेत म्हणाले, "आजी, जोड चुकलाय. दोघांकडूनही आलंय."

परतीच्या जीपमध्ये आत्या बोलली. "मला पयल्यापासून वाटतच होतं. डॉक्टरबी तेच म्हणला, जोड चुकला."

"कशाचा जोड, आत्या?"

"तुमचा दोघांचा. आनिक कशाचा?"

केज येईपर्यंत मी तिला समजावत राहिले. शेवटी ती म्हणाली, "इतकं शिकून तुला साधी मराठी कळंना का गं?" नवरा खिडकीबाहेर बघत होता. तो आयुष्यभर तेच करत आलाय.

मुलगा चालायच्या वयात गेला, छाती भरून. दहाव्याला आलेल्या बायकांना आत्या सांगत होती, "चुकलेला जोड, देवानंच उसवला." पुढं फारकत झाली. फारकतीच्या बैठकीतही हाच शब्द आला, आणि पंचांनी माना डोलावल्या.

मग तिनं लेकासाठी दुसरी बघितली तीही माझ्या माहेरचीच, माझ्या धाकट्या चुलत्याची मुलगी. रक्त आपलंच हवं. रक्त आपलंच होतं, हीच तर बोंब होती. मी चुलत्याकडं गेले, म्हटलं, आधी दोघांचं रक्त तपासा, खोट आपल्या घराण्यातच हाय.

चुलता म्हणाला, "तुझं मोडलं म्हणून हिचं मोडाया आलीस व्हय?"

पोरगी दारात उभी होती. खाली बघत म्हणाली, "ताई, आमची पत्रिका नीट बघितलीय. जुळलाय जोड."

परवा केजच्या स्टँडवर आत्या भेटली. कडेवर नातू, टोपडं, गालाला काजळाची तीट. मला टाळून जाईल असं वाटलं होतं, पण ती मुद्दाम जवळ आली.

"बघ, जोड बरोबर बसला की असं असतंय. लई गरीब हाय. पाय सुदिक झाडत न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघून तोंड उघडलं. जीभ थरथरत होती. मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला, आणि तो मी पुरता चाखला.

मग म्हटलं, "आत्या, याला पुण्याला ने. आजच ने. याला अजून औषध लागू पडंल."

आत्यानं पदर ओढून त्याचं तोंड झाकलं. "नजर लावू नगंस," म्हणाली आणि नांदूरघाटच्या जीपमध्ये चढून बसली.

पदराखालून त्याचे दोन्ही पाय बाहेर लोंबत होते. जीप सुरू झाली तसे ते जीपबरोबर हलायला लागले.