वेबसाइटचं नाव सुटलं तेव्हा

भीमाशंकरच्या रस्त्यावर मी यात्रेकरूंसाठी खोल्या बांधल्या त्या भाजीच्या धंद्यातल्या कमाईवर. पाठीशी कुणी नव्हतं. दोन हजार सालानंतर मंचरच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून वेबसाइट करून घेतली. मुंबईची गिऱ्हाइकं तिच्यावरून थेट खोल्या धरू लागली. माझा सारा श्रावण तिच्यावर भरायचा.

एका उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. "भाऊ, साइटच्या नावाची मुदत संपत आली. पैसे भरून वाढवून घ्या."

"दरात किती सोडतो?"

"दर माझ्या हातात न्हाई. मुदत संपली तरी महिनाभर ह्याच दरात मिळंल. मग आणखी महिनाभर दंड भरून, अन् दंड लई मोठा. तेबी चुकलं तर नाव मोकळं व्हतं. कुणीबी घेतंय मग."

मला हसू आलं. 'उद्या भाव वाढणार' हे मार्केटमध्ये मी रोज ऐकत आलो. टोमॅटोच्या क्रेटला संध्याकाळपर्यंत हात लावला नाही, की विकणारा आपसूक भावात खाली येतो.

"ते नाव दुसऱ्याच्या काय कामाचं, राव? पडून राहू दे जरा," मी म्हणालो.

साइट बंद पडली. मी थांबलो. दंडाचा आकडा ऐकून डोकं फिरलं, म्हणून आणखी थांबलो. खाली कुणीच आलं नाही. नाव सुटलं आणि अशा नावांचा धंदा करणाऱ्या परदेशातल्या कुणा दलालानं उचललं. माझ्या खोल्या शोधणाऱ्या भाविकाला तिथं पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या.

जमिनीचा फेरफार असला तर चावडीवर नोटीस लागते, हरकतीला मुदत मिळते. इथं वर्षानुवर्षं मी चालवलेलं नाव गेलं आणि हरकत घ्यायला दार नाही. सूचना आल्या त्याही कॉम्प्युटरवाल्याच्या ईमेलवर, कारण नोंदणी त्यानं स्वतःच्या ईमेलनं केलेली. हे मला नाव गेल्यावर कळलं. दलालानं नावाचा भाव सांगितला; मी लिहून कळवलं, निम्म्यात दे. त्यानं भाव वाढवून उत्तर दिलं. विकणाऱ्याची ही कुठली रीत?

श्रावणात दरवर्षी येणारं मुंबईचं एक कुटुंब माझ्या फाटकासमोरून पायी देवळाकडे निघालं होतं. मी हाक मारली.

"अहो, तुम्ही आहात होय?" बाई म्हणाल्या. "साइटवर भलतंच काही दिसलं. वाटलं, धंदा सोडला तुम्ही. आम्ही पलीकडे उतरलोय."

माझ्या सगळ्या खोल्या झाडून तयार होत्या.